थोडक्यात वाचल्याची नोंद

खाणीत अपघात झाला की त्याची नोंद होतेच. 1952 च्या खाण अधिनियमात नियम असा होता: कामगार 72 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकणार नसेल, तर ती दुखापत कळवण्याजोगी ठरे. त्याहून गंभीर काही असेल तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयापर्यंत खबर जाते. यात कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. पण सुरक्षेच्या कामात कागद सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या बाईचा जीव दुसऱ्याच एका रजिस्टरमध्ये अडकलेला असतो. ज्यात काहीच झालेलं नसतं, अशा गोष्टी त्यात लिहायच्या असतात. डंपर मागे घेताना माणूस हातभर अंतरावरून वाचला. ब्लास्टिंगचा भोंगा झाल्यावरही हॉल रोडवर एक सायकलवाला दिसला. बेंचच्या, म्हणजे खाणीतल्या पायरीच्या, कडेचा धोंडा सुटला, पण खाली कुणी नव्हतं. फोरमनपासून हेल्परपर्यंत सगळे याला ‘निअर मिस’ म्हणतात.

आणि ते लिहायला कुणी तयार नसतं. ‘वाचला ना? मग काय लिहायचं?’ हे एक. ‘उगाच माझं नाव येईल’ हे दुसरं. तिसरं साहेब लोकांचं: ‘या महिन्यात निअर मिस एवढे वाढले कसे?’ वाढलेले नसतात, लोक लिहायला लागलेले असतात. हे समजावण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. ज्या पाळीच्या वहीत कधीच काही नसतं, त्या पाळीची मला जास्त भीती वाटते.

मी राहते नंदिनी नगरला. भिलईपासून वीसेक किलोमीटरवर, भिलई इस्पात संयंत्राच्या चुनखडीच्या खाणींसाठी वसलेली ही वस्ती. भिलईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रबाबूंच्या हस्ते सुरू झाली. लोखंडाचं खनिज दल्ली-राजहऱ्याचं आणि चुनखडी नंदिनीची, असा तो संसार. त्या निमित्ताने देशभरातून माणसं इथे आली. तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया आणि आम्ही मराठी. इकडचे लोक भिलईला ‘मिनी भारत’ म्हणतात, आणि खोटं नाही ते. त्यामुळे दुसऱ्याचं रूप आणि बोली वेगळी असते, हे आम्हाला शिकवावं लागत नाही, असा आमचा एक समज आहे. त्या समजाकडे पुढे येते.

2021 च्या मार्चमध्ये सॅन होजेच्या माझ्या भाच्याने एक अहवाल पाठवला. वर एकच ओळ होती: ‘मावशी, तुझी वही बघ.’

अहवाल ‘स्टॉप एएपीआय हेट’ या गटाचा होता. आशियाई आणि प्रशांत महासागरी बेटांवरून आलेल्या अमेरिकनांबद्दलचा द्वेष थांबवा, असा त्या नावाचा अर्थ. 19 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2021 या काळात त्यांच्याकडे 3,795 घटना नोंदल्या गेल्या होत्या. मी आकड्यांची बाई, त्यामुळे आधी एकूण बेरजेकडे न बघता रकान्यांकडे गेले. तोंडी शिवीगाळ, टोमणे: 68.1 टक्के. मुद्दाम टाळणं, म्हणजे बाकावरून उठून जाणं, रस्ता बदलणं: 20.5 टक्के. अंगावर हात: 11.1 टक्के. नोकरीत भेदभाव, दुकानात माल न देणं, गाडीत न घेणं असे नागरी हक्कांचे भंग: 8.5 टक्के. इंटरनेटवरचा छळ: 6.8 टक्के. एका घटनेत दोन-तीन प्रकार असू शकतात, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते.

दहातल्या जवळपास नऊ घटनांत कुणी कुणाला हातही लावलेला नव्हता. पोलिसांच्या भाषेत काहीच झालेलं नव्हतं. हे सगळं माझ्या दुसऱ्या रजिस्टरचं होतं.

ही वही उघडली कशी, ते सांगण्यासारखं आहे. 2020 च्या सुरुवातीला करोनाच्या बातम्या चीनमधून यायला लागल्या, आणि अमेरिकेत चिनी दिसणाऱ्या माणसांकडे लोक वाकडं बघायला लागले. चिनी असो, कोरियन असो, फिलिपिनो असो, बघणाऱ्याला फरक नव्हता. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतले आशियाई-अमेरिकन अभ्यासाचे प्राध्यापक रसेल जेउंग विद्यार्थ्यांना घेऊन बातम्यांतल्या अशा प्रसंगांची कात्रणं गोळा करत होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये एका शाळकरी मुलाला दुसऱ्या मुलाने चीनला परत जा म्हणत मारलं. त्या कुटुंबाच्या पाठीशी ज्या उभ्या राहिल्या त्यांत मंजुषा कुलकर्णी होत्या. आडनाव वाचून मी थबकलेच. हे आडनाव महाराष्ट्रात आहे तसं कर्नाटकातही आहे, म्हणून आपला हक्क सांगायची घाई करत नाही. पेशाने वकील, वाढल्या अलाबामातल्या माँटगोमेरीत. आधी दक्षिण आशियाई लोकांसाठी काम करणाऱ्या साउथ एशियन नेटवर्कच्या प्रमुख होत्या. लॉस एंजेलिसमधल्या आशियाई संघटनांच्या एका समितीचं काम त्या बघत होत्या. तिचंच पुढे ‘एएपीआय इक्विटी अलायन्स’ झालं. सॅन फ्रान्सिस्कोची ‘चायनीज फॉर अफर्मेटिव्ह ॲक्शन’ ही जुनी संघटना आणि तिच्या सिंथिया चोई तिसऱ्या.

अशा घटनांची नोंद सरकारने ठेवावी, असं त्यांना आधी वाटत होतं. ते झालं नाही, तेव्हा 19 मार्च 2020 ला त्यांनी स्वतःच एक फॉर्म तयार करून लोकांसमोर ठेवला. कुठे, कधी, काय झालं, तुमचं वय काय, मूळ कुठलं. फॉर्म अनेक आशियाई भाषांत होता. पहिल्याच आठवड्यात साडेसहाशेवर नोंदी आल्या. पुढच्या वर्षी ‘टाइम’ने जगातल्या शंभर प्रभावी माणसांच्या यादीत जेउंग, कुलकर्णी आणि चोई या तिघांची नावं एकत्र छापली. मला त्या यादीपेक्षा तो फॉर्म जास्त मोलाचा वाटतो. चांगला फॉर्म बनवणं फार कठीण असतं. फार प्रश्न विचारले तर माणूस अर्ध्यात सोडतो, फार कमी विचारले तर नंतर हाती काही लागत नाही.

2020 च्याच उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलामुलींनी एक मोहीम चालवली. आपल्याच वयाच्या 990 आशियाई अमेरिकन तरुणांशी ते बोलले. मोठ्यांनी विचारलं असतं तर ‘काही नाही’ असं उत्तर आलं असतं. सोळा वर्षांच्या मुलीला सोळा वर्षांचीच मुलगी विचारते, तेव्हा ती सांगते. सप्टेंबर 2020 च्या त्यांच्या अहवालातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मुलांनी नोंदवलेल्या प्रसंगांपैकी जवळपास निम्म्यांत कुणीतरी मोठं माणूस तिथे हजर होतं. मध्ये कुणी पडलं, असे प्रसंग मात्र दहात एक.

आता शंका. या नोंदी लोकांनी स्वतः केलेल्या, मग खऱ्या कशावरून? भाच्याच्या ऑफिसातल्या एकाने हेच विचारलं होतं. शंका रास्त आहे. फॉर्म भरणारे सगळे अमेरिकेतले आशियाई नव्हेत. ज्यांना फॉर्मची खबर लागली, ज्यांना भरायचा धीर झाला, तेवढेच त्यात आले. बायकांच्या नोंदी पुरुषांच्या 2.3 पट होत्या. म्हणजे बायकांना त्रास तितक्या पट जास्त झाला, की बायकांनी सांगितलं जास्त? नुसत्या या आकड्यावरून ते ठरत नाही. पुढे नोंदी 6,603 झाल्या, मग 9,081, मार्च 2022 पर्यंत 11,467. यावरून द्वेष तिप्पट झाला असं कुणी म्हटलं तर मी त्याला माझ्या साहेबांच्या पंगतीला बसवीन. अशा वहीतून प्रमाण काढायचं नसतं. प्रकार काढायचा, जागा काढायची, वेळ काढायची.

अधिकृत आकडा शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत द्वेषगुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा 1990 चा आहे. पण स्थानिक पोलिसांनी ती एफबीआयला कळवणं ऐच्छिक आहे. 2019 मध्ये आशियाईविरोधी घटनांचा एफबीआयचा आकडा दीडशेच्या आसपास होता, 2020 मध्ये पावणेतीनशेच्या. तेवढ्यावर कुणी काय ठरवणार? पावणेचार हजारांवर नोंदींचे रकाने पाहिले तेव्हा कळलं की सर्वांत जास्त प्रसंग घडत होते दुकानांत, व्यवसायाच्या जागी: 35.4 टक्के. मग रस्ते, 25.3 टक्के. खाणीच्या भाषेत सांगायचं तर धोका कुठल्या बेंचवर आहे ते कळलं.

अहवाल आला त्याच दिवशी, 16 मार्च 2021 ला, अटलांटाजवळ तीन स्पांमध्ये गोळीबार झाला. आठ जण गेले, त्यातल्या सहा आशियाई बायका. हा योगायोग नसता तर तो अहवाल इतका वाचला गेला असता का, याची मला शंका आहे. लोक रजिस्टर मागतात ते माणूस गेल्यावर. 20 मे 2021 ला अध्यक्ष बायडन यांनी करोनाकाळातल्या द्वेषगुन्ह्यांबद्दलच्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये तो 94 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला होता. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आशियाई समाजांसाठी 16 कोटी 65 लाख डॉलरची तरतूद केली.

पण मला सगळ्यांत आवडलेला परिणाम याहून साधा आहे. बहुतेक नोंदी गुन्ह्याच्या नाहीत, म्हणून पोलीस वाढवून त्या कमी होणार नाहीत, हे गटाने स्वतःच सांगितलं. मग त्यांनी बस आणि लोकल गाड्यांकडे मोर्चा वळवला. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, त्यानुसार सार्वजनिक वाहतुकीतल्या प्रवाशांच्या छळाबद्दल विचारायची प्रश्नावली तयार झाली. 2023 च्या दुसऱ्या कायद्याने राज्यातल्या दहा सर्वांत मोठ्या वाहतूक संस्थांना प्रवाशांकडून ही माहिती गोळा करणं बंधनकारक केलं. म्हणजे वही संस्थेच्या हाती गेली. सुरक्षेत यालाच यश म्हणतात.

ही रीत नवी नाही. 1892 मध्ये मेम्फिसला आयडा बी. वेल्स नावाच्या तिशीच्या आतल्या कृष्णवर्णीय बाईचे तीन ओळखीचे पुरुष जमावाने मारले. किराणा दुकान चालवणारी माणसं. ती पत्रकार होती, तिने लिहिलं, आणि तिच्या वर्तमानपत्राचं ऑफिस उद्ध्वस्त केलं गेलं. मग तिने आकडे हातात घेतले. 1895 च्या ‘अ रेड रेकॉर्ड’ या पुस्तिकेत तिने आकडे घेतले ते ‘शिकागो ट्रिब्यून’चे, गोऱ्यांच्याच पेपरने छापलेले, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप करायला जागा उरू नये. बलात्काराच्या संतापातून जमाव मारतो, असं तेव्हा सर्रास सांगितलं जाई. तिने प्रकरणं आरोपानुसार लावली तेव्हा दिसलं की तसा नुसता आरोपसुद्धा जेमतेम एक तृतीयांश प्रकरणांत होता. रकाना नीट आखला की थाप आपोआप उघडी पडते.

उलट उदाहरणही सांगायला हवं. 2009-10 मध्ये ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांनी आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता; भिलईतून मेलबर्नला मुलं पाठवलेल्या आयांची झोप उडाली होती. तिथल्या गुन्हेशास्त्र संस्थेने मग चार लाखांवर परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या. मारहाणीचं प्रमाण भारतीय मुलांत सर्वसाधारण ऑस्ट्रेलियन लोकांइतकं किंवा कमीच निघालं. लुटीचं मात्र जास्त निघालं. कारण शोधताना रात्रपाळी, पेट्रोलपंप, टॅक्सी, उशिराच्या गाड्या पुढे आल्या. हल्ल्यामागे वंशद्वेष किती, हे त्या आकड्यांतून सांगता आलं नाही, कारण पोलिसांनी ते लिहूनच ठेवलं नव्हतं. काहींना हा निष्कर्ष म्हणजे पडदा टाकणं वाटलं. मला तो प्रामाणिक वाटतो. वहीत जे नाही ते वहीतून काढता येत नाही.

आणि आता आमचा समज. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या. बेंगळुरूहून, पुण्याहून हजारो जण गाड्या भरभरून गुवाहाटीकडे निघाले. 2014 च्या जानेवारीत अरुणाचलचा निदो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरात केसांच्या रंगावरून झालेल्या चेष्टेनंतर मारहाणीत गेला. मग बेझबरुआ समिती नेमली गेली. जुलै 2014 च्या अहवालात वांशिक शेरेबाजीसाठी दंड संहितेत नवी कलमं घालावीत असं तिने सांगितलं. ती आली नाहीत. डिसेंबर 2016 मध्ये कर्मा दोर्जी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशा घटनांवर नजर ठेवणारी समिती नेमायला सांगितलं. मार्च 2020 मध्ये दिल्लीत एका मणिपुरी मुलीवर करोना म्हणत कुणी पान थुंकलं; पुढच्याच महिन्यात मुंबईच्या सांताक्रूझला तसंच घडलं. राइट्स अँड रिस्क्स ॲनालिसिस ग्रुपने फेब्रुवारी-मार्च 2020 मधले असे प्रकार बातम्यांमधून गोळा केले, ते निघाले 22.

तिकडे आठवड्यात साडेसहाशे, इकडे दीड महिन्यात 22. याचा अर्थ आपण तितके भले, असा कुणी लावला तर मला पुन्हा ती कोरी वही आठवते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2017 मध्ये जमावहत्या आणि द्वेषगुन्ह्यांची माहिती गोळा करून पाहिली होती. ती विश्वासार्ह नाही म्हणून छापली नाही आणि पुढे गोळा करणंच थांबवलं, असं सरकारने 2021 मध्ये संसदेत सांगितलं. माहिती कच्ची होती हे मी मान्य करते. पहिल्या वर्षी कुठल्याही रजिस्टरमधली माहिती कच्चीच असते. म्हणून रजिस्टर बंद करत नाहीत, भरणाऱ्याला शिकवतात. हा माझा ठाम मुद्दा आहे आणि यावर कुणाशीही भांडायला मी तयार आहे.

अमेरिकेतली वही मात्र आता आपल्या लोकांकडे वळली आहे. 2024 च्या अहवालात याच गटाने दाखवलं की जहाल विचारांच्या इंटरनेट अड्ड्यांवर दक्षिण आशियाई लोकांना उद्देशून दिल्या जाणाऱ्या शिव्या जानेवारी 2023 मध्ये महिन्याला 23 हजारांच्या आसपास होत्या, त्या ऑगस्ट 2024 मध्ये 46 हजारांवर गेल्या. कमला हॅरिस आणि उषा व्हान्स या भारतीय वंशाच्या दोघी बातम्यांत होत्या, तो महिना. भाचा म्हणाला, “मावशी, आता आमचा नंबर.” मी म्हटलं, “तू भरलास का फॉर्म?” तर गप्प. दुकानात कुणीतरी काही बोललं होतं, ते त्याने आईलाही सांगितलं नव्हतं. सहावीत असल्यापासूनचा स्वभाव आहे त्याचा. शेवटी फोनवर बोलत बोलतच भरला. तारीख नक्की आठवत नव्हती, महिना लिहिला.

इथे कुटेलाभाटाला आयआयटी आली, तेव्हापासून ईशान्येची मुलं पॉवर हाउसच्या बाजारात दिसतात. एकदा शेअर ऑटोत माझ्या शेजारी एक नागा मुलगा होता. समोरच्या दोघांनी आपसांत, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने, काय म्हणायचं ते म्हटलं. मी त्या दोघांना छत्तीसगढीत झापलं. ते हसले, उतरून गेले. मुलगा शांत होता. मी त्याला विचारलं, हे रोज होतं का?

“रोज नहीं आंटी. हफ्ते में दो-तीन बार.”

“कहीं लिखते हो?”

“किसको लिखें?”

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली आहे. वर्ण, वंश, जात, धर्म, भाषा, जन्मस्थान यावरून विद्यार्थ्याला छळणं किंवा वाळीत टाकणं हेही त्यात येतं. देशभरासाठी एक फुकटचा क्रमांक आहे, 1800-180-5522. त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “वो तो फर्स्ट इयर वालों के लिए है ना?” ते सगळ्या वर्षांसाठी आहे. पण त्या व्याख्येत छळणारा दुसरा विद्यार्थी लागतो. ऑटोतले दोघे बाजारातले होते. त्यांच्यासाठी मी माझ्या पर्समधल्या डायरीत तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द आणि हजर माणसं किती, एवढं लिहिलं. मला धरून चार आणि चालवणारा. चालवणाऱ्याने काय केलं, हा रकानाही घातला: आवाज वाढवून गाणं लावलं.